पांढरा साका

माझ्या रागाला औषध नाही, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं मला माझ्या पाठीमागे ‘विंचू’ म्हणतात. म्हणोत बापडी. विंचू हा अपृष्ठवंशीय प्राणी आहे आणि मी जीवशास्त्र शिकवते, म्हणजे माझं शिकवणं एवढं तरी त्यांच्या डोक्यात शिरलं म्हणायचं.

वरच्या वर्गाला मी दर वर्षी शाळेमागच्या ओढ्यावर नेते. पाण्याचं तापमान, सामू म्हणजे पीएच, विरघळलेला प्राणवायू, आणि मग दगडाखाली राहणारी सगळी प्रजा: जळवा, गोगलगाई, चतुरांची पिल्लं, बारीक खडे चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या अळ्या. फळ्यावर पाणी शिकवायचं म्हणजे ताटात चित्र काढून भूक भागवण्यातला प्रकार. मुख्याध्यापक दर वर्षी कुरकुरतात, मुलांचे गणवेश चिखलात जातात म्हणून पालक तक्रार करतात, आणि मी दर वर्षी सगळ्यांना घेऊन जातेच.

प्राणवायूची परीक्षा मला सगळ्यांत लाडकी. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, बूचही पाण्याखालीच लावायचं. मग बाहेर काढून त्यात दोन औषधांचे थोडे थोडे थेंब सोडायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो आणि सावकाश खाली बसतो. प्राणवायू जितका जास्त, तितका साका गडद. अजिबात नसेल तर पांढरा. पण दगडांवरून उड्या मारत येणाऱ्या ओढ्यात पांढरा साका कुठून येणार? इतक्या वर्षांत मी तो पाहिलाच नव्हता.

त्या दिवशी पाहिला. काडीच्या बाटलीत.

काडी म्हणजे त्या वर्षी माझ्या वर्गात आलेली एक मुलगी. अंगाने आगपेटीतल्या काडीसारखी, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. मागच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिच्या जोडीला मी मुद्दाम रेडिओला दिलं होतं. रेडिओ ही आमची वर्गातली बडबडी, सकाळी सुरू झाली की शाळा सुटेपर्यंत बंद होत नाही. म्हटलं, दोघींचं मिळून एक माणूस तयार होईल.

तर काडीच्या बाटलीत दह्यासारखा पांढराशुभ्र साका. माझं डोकंच फिरलं. लक्ष कुठे असतं, बाटली धुतली होतीस का, औषधं उलटसुलट घातलीस का, असा माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या वर्गासमोर सुरू झाला. ती नुसती “हो मॅडम”, “नाही मॅडम” करत राहिली. परत भरायला लावली. परत पांढरा. मग त्याच जागी, त्याच दगडाशी रेडिओने बाटली भरली, तीच औषधं घातली, आणि साका आला गडद तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. बघ, म्हटलं, हिला जमतं मग तुलाच का नाही? काडीने मान खाली घातली. तिचे हात भिजून सुरकुतले होते. माझेही भिजले होते, पण ते तसे दिसत नव्हते.

घरी चालत जाताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी रस्त्यातच थांबले. प्राणवायूच्या परीक्षेत हात चुकला तर काय होतं? बाहेरची हवा बाटलीत शिरते. म्हणजे साका आणखी गडद व्हायला हवा. निष्काळजीपणाने पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं, वाईट कधीच दिसत नाही. पांढरा साका चुकून आणताच येत नाही. हे मी स्वतः दर वर्षी शिकवते, आणि त्या पोरीवर तोंडसुख घेताना मलाच आठवलं नाही. राग गेला. त्याच्या जागी जे आलं ते मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही ओढ्यातून आणलेले जीव पांढऱ्या पसरट ट्रेमध्ये ओतले होते. हे जीव उजेडाला भितात. ट्रेच्या एका बाजूवर पुठ्ठा ठेवला की झाडून सगळे पुठ्ठ्याखाली पळतात, हेच मला दाखवायचं होतं. सगळ्यांच्या ट्रेमध्ये पळाले. काडी आणि रेडिओच्या ट्रेमध्ये मात्र सगळे भर उजेडाच्या बाजूला गोळा झाले होते. काडीने ट्रेच्या त्या कडेला हात टेकला होता. जळवा, गोगलगाई, ती खड्यांच्या नळीतली अळी आपलं घर ओढत ओढत, सगळे तिच्या बोटांपाशी. मी तिला हात दुसऱ्या कडेला ठेवायला सांगितलं. सगळी प्रजा वळली आणि निघाली तिकडे. रेडिओ एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. कंप असेल, उष्णता असेल. उष्णता! त्या पोरीचा हात मी औषधाची बाटली देताना धरला होता, माठाच्या बुडासारखा गार.

तास संपला तेव्हा मी नेहमीचा नियम सांगितला. पाण्यातून घेतलेला प्रत्येक जीव जिथून घेतला तिथेच परत सोडायचा. त्याच ओढ्यात, त्याच दगडाखाली. माझ्या वर्गात हा नियम मोडलेला मी खपवून घेत नाही. सगळे गेले तरी काडी ट्रेपाशी उभीच होती. तिने आपणहून तोंड उघडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“मॅडम, परत सोडायला फार उशीर झाला असेल तर?”

“तरी सोडायचंच,” मी म्हटलं. “बाहेर त्याचे हालच होतात.”

तिने मान हलवली. मला वाटलं, चला, काहीतरी शिकली.

मन मात्र स्वस्थ बसू देईना. माझा शास्त्रावर विश्वास आहे, आणि शास्त्र म्हणतं की संशय आला तर पुन्हा करून बघ. मी औषधं पिशवीत घातली आणि अभ्यासाबद्दल बोलायचं निमित्त काढून तिच्या घरी गेले. तिची आई शिवणकाम करायची. खाली दुकान, वर दोन खोल्या. वडील ओढ्याच्या वरच्या अंगाला बंधारा आहे तिथे पंप चालवायचे आणि त्या वेळी कामावर होते. आईने मला खुर्ची दिली आणि स्वतः मशीनवर बसली. हसून बोलत होती, पण माझ्या पिशवीवरून तिची नजर हलत नव्हती.

मी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरलं, थेंब सोडले. तपकिरी. मग काडीला म्हटलं, आता तू भर. तिने आईकडे पाहिलं. आई माझ्या मागोमाग ओट्यापाशी येऊन उभी होती. काडीने तोच नळ सोडला, तशीच दुसरी बाटली भरली, मी थेंब सोडले.

पांढरा.

दोन्ही बाटल्या ओट्यावर शेजारी शेजारी होत्या. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, औषधांत नव्हता, बाटलीत नव्हता. तिच्या हाताखालून गेलं की पाण्यातला प्राण जात होता. आईने काडीला खाली दुकानात बसायला पाठवलं, दार लोटलं, आणि पांढऱ्या साक्याची बाटली स्वतःच्या हाताने मोरीत ओतून टाकली.

मग तिने सांगितलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी काडी बापाचा डबा घेऊन बंधाऱ्यावर गेली होती. शेवाळावरून पाय घसरला. पंप चालू होता. पाण्याने तिला खाली ओढून पंपाच्या तोंडावरच्या जाळीला चिकटवलं. पंप बंद करून, जाळी उचलून बापाने तिला वर काढली तोवर सगळं संपलं होतं. त्याने तिला पंपघराच्या फरशीवर निजवलं आणि तिथेच बसून राहिला. कुणाला बोलवायचं त्याला सुचलंच नाही. मीही पोहोचले, आई म्हणाली, आणि मीही बसून राहिले. मी तिला ऊठ म्हणत होते. नुसतं ऊठ, ऊठ, ऊठ. ऊन उतरल्यावर ती उठली आणि भूक लागली म्हणाली.

“तेव्हापासून आहे,” आई म्हणाली. “जेवते, शाळेत जाते, अभ्यास करते. केस वाढतात तिचे, मीच कापते. तुम्हाला अजून काय पाहिजे?”

मला काही नको होतं. आयुष्यभर मुलांना सजीवाची लक्षणं पाठ करायला लावली होती, आणि त्या बाईने मला त्यांतली बरीचशी मोजून दाखवली होती.

“फक्त तिला ओढ्यावर नेऊ नका,” ती म्हणाली. “तिथून आली की ती खिडकीतून त्या बाजूला बघत बसते. एवढी एकच आहे मला, मॅडम. ती राहिली पाहिजे.”

मी शब्द दिला. पुढच्या आठवड्यात जीव परत सोडायला जायचं होतं. काडीला मी वाचनालयात बसवेन, असं सांगितलं. मी जिना उतरले. खाली काडी कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत होती. तिने मला अच्छा केला, आणि मीही केला, जसं काही मी खरंच अभ्यासाचं बोलायला आले होते.

ओढ्यावर जायच्या दिवशी मी शब्द पाळला. काडीला वाचनालयात बसवलं, ग्रंथपालबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि बाकीच्या वर्गाला घेऊन निघाले. बादल्या दगडांपाशी रिकाम्या केल्या. मग शेवटची एकदा मोजदाद म्हणून मुलांनी जाळ्या लावल्या, वरचे दगड पायाने हलवले. जाळी रिकामी. दुसऱ्या जागी लावली, रिकामी. दगड उलटे करून पाहिले, खाली शेवाळ तेवढं, एक जळू नाही. आत्ताच सोडलेले जीवसुद्धा दिसेनात. रेडिओ गुडघ्यापर्यंत पाण्यात होती. ती म्हणाली, मॅडम, ते बघा, सगळे वर चाललेत.

खरंच चालले होते. पाण्याच्या तळाशी एक काळसर पट्टा प्रवाहाच्या उलट सरकत होता. अळ्या, गोगलगाई, सगळं लटांबर, जत्थेच्या जत्थे. ज्यांना हातभर जायला अर्धा दिवस लागतो ते भराभर चालले होते. मी मुलांना बाहेर यायला सांगितलं. माझा आवाज ऐकून एकानेही का म्हणून विचारलं नाही. रेडिओच्या हाती वर्ग दिला, सरळ शाळेत जा म्हटलं, आणि सगळी लांब जाईपर्यंत थांबले. मग त्या पट्ट्याच्या कडेकडेने वर निघाले.

बंधाऱ्याच्या अलीकडे ओढा रुंद होतो, पाणी संथ होतं. पलीकडून पंपाची घरघर ऐकू येत होती. काडी काठाजवळच्या पाण्यात उभी होती. वाचनालयाच्या मागच्या दाराने आली असणार. तिच्या पायांना घोट्यापर्यंत काळे मोजे घातल्यासारखे दिसत होते. जवळ गेल्यावर कळलं, मोजे नव्हते. सगळा ओढा तिच्या पायांपाशी गोळा झाला होता.

मी बुटांसकट पाण्यात शिरले आणि तिचं मनगट पकडलं. ओरडणारच होते, पण माझी बोटं सवयीने नाडीच्या जागी गेली होती. तिथे काही नव्हतं. मी बोटं सरकवून पाहिली, दाबून पाहिली. काही नाही.

“चल घरी,” मी म्हटलं. “तुझ्या आईला मी शब्द दिलाय.”

“सोडा ना, मॅडम.”

“नाही सोडणार.”

“तुम्हीच म्हणालात, उशीर झाला तरी सोडायचं.”

“ते किड्यांचं म्हटलं होतं मी, मूर्ख मुली. तू काय किडा आहेस?”

ती हसली. पहिल्यांदाच हसली असेल माझ्यासमोर. आणि मग इतकं सगळं एकदम बोलली, की मला वाटलं हे ती फार दिवस तोंडात धरून होती. बाहेर सगळं कोरडं कोरडं लागतं, ती म्हणाली. जेवण घशाखाली ढकलावं लागतं. वर्गात पापण्या मिटायच्या लक्षात ठेवाव्या लागतात, नाहीतर रेडिओ टक लावून बघते. दिवसाचं एक वेळ जमतं.

“रात्री आई माझ्या नाकासमोर हात धरून बसते,” ती म्हणाली. “तेव्हा मी मुद्दाम श्वास घेते. आत, बाहेर, आत, बाहेर. तिचा डोळा लागेपर्यंत. ती झोपतच नाही, मॅडम. फार दमते मी.”

मला रडू येत नाही, माझा तो स्वभावच नाही, पण तेव्हा समोरचं पाणी मला धड दिसेना. तरी मी मनगट सोडलं नाही. उलट दुसराही हात लावला. शब्द दिला होता मी. आणि खरं सांगू का, शब्द दिला नसता तरी सोडलं नसतं. हाताशी आलेलं पोर कुणी पाण्यात सोडतं का?

मागे झुडपांत काहीतरी हललं. काडीची आई तिथे उभी होती. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. ती सकाळपासूनच येऊन बसली असणार, कारण चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या होत्या आणि पायांवर वाळलेला चिखल होता. तिने सगळं ऐकलं होतं. हे मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

मला वाटलं, आता ती धावत येईल, पोरीला कवटाळेल, आम्ही दोघी मिळून तिला ओढून काठावर घेऊ. मी हाकही मारली, या लवकर, धरा हिला. ती आली, पण सावकाश. साडी वर न धरता, तशीच पाण्यात उतरली. लेकीच्या समोर उभी राहिली आणि तिने हाताची पालथी बाजू तिच्या नाकासमोर धरली. काडीने आईकडे पाहिलं, आणि लगबगीने छाती फुगवून एक श्वास घेतला.

“नको,” आई म्हणाली. “नको घेऊस, बाळा.”

काडीची छाती खाली गेली आणि मग हललीच नाही. तिचे खांदे सैल पडले. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची मिळावी, तसा तिचा चेहरा झाला.

मग आईने माझा हात धरला. मला वाटलं आधारासाठी असेल. पण ती माझी बोटं उकलत होती. एकेक करून, गाठ सोडवतात तशी, घाई न करता. मी घट्ट धरून होते. सुई धरणाऱ्या हातात इतका जोर असतो हे मला ठाऊक नव्हतं.

“सोडा, मॅडम,” ती म्हणाली. “दुखतंय तिला.”

मी सोडलं.

तिने लेकीचे केस कानामागे केले, गणवेशाची कॉलर सारखी केली. वरून पंपाची घरघर येतच होती. बाबांना काय सांगशील, असं काडीने विचारलं. ते मी बघते, आई म्हणाली. मग तिने काडीचा हात धरला आणि दोघी खोल पाण्याकडे निघाल्या. तळाचा काळा पट्टा दोन्ही बाजूंनी बरोबर सरकत होता. पाणी आईच्या कमरेपर्यंत आलं तेव्हा ती थांबली. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी पोराचा हात सोडतात, तसा तिने सोडला. वळली, आणि मागे न बघता परत आली. मी मात्र बघत होते. काडी चालत गेली, खांद्यापर्यंत, हनुवटीपर्यंत, आणि मग नुसतं पाणी राहिलं. एक बुडबुडासुद्धा वर आला नाही.

आम्ही दोघी काठावर बसलो. पंप थांबला, पुन्हा सुरू झाला. मी बूट काढून उपडे केले, त्यातून निव्वळ पाणी निघालं. आई पदर पिळत होती. पिळून कोरडा झाला तरी पिळत होती.

“मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “तिचं नाव हजेरीतून लगेच काढू नका.”

मी म्हटलं, नाही काढणार.